आईसाठी टॉप मॉडेल

ठरल्याप्रमाणे आईला आधी काहीच सांगायचं नव्हतं, आणि तिघा भावंडांनी तिला थोडंथोडं करून सगळं सांगून टाकलं होतं. थोरला फोनवर म्हणाला होता, रविवारी सकाळी कुणाला शिकवायला घेऊ नकोस. ताई म्हणाली होती, जरा बरे कपडे घाल, फोटो निघतील. धाकट्याला काही सांगावंच लागलं नाही, कारण तो गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रीच्या कामाला होता आणि आईला बोलावलं होतं ते तिथेच.

दहाच्या ठोक्याला ती आली, ती आपल्या त्या जुन्या, छपरावर ‘शिकाऊ’ अशी पाटी बसवलेल्या गाडीतून. दोन धिप्पाड गाड्यांच्या मधल्या फटीत तिने एका दमात रिव्हर्स घेऊन ती गाडी अशी काही बसवली, की फाटकावरचा रखवालदार खुर्चीतून उठून बघत राहिला. धाकट्यानेही हे काचेतून पाहिलं. आईला आता गाडी नीट चालवता येत नाही, या एका मुद्द्यावर आजचा सगळा कार्यक्रम उभा होता.

मुद्दा अगदीच हवेतला नव्हता. आई एकाहत्तर वर्षांची होती. गेल्या दोन महिन्यांत तिने घराच्या फाटकाचा खांब दोनदा खरवडला होता, आणि दोन्ही वेळा खांबालाच दोष दिला होता. पण गुरुवारी संध्याकाळी थोरल्याच्या दवाखान्यात आईला वगळून जी बैठक झाली, तिच्यात खांबाचा विषय पाच मिनिटांत संपला होता.

थोरला दातांचा डॉक्टर. समोरच्याने तोंड उघडलं की पुढचं सगळं बोलणं आपणच करायचं, ही सवय त्याला धंद्याने लावली होती. ताई घरांच्या सजावटीची कामं घ्यायची. कुठल्याही खोलीत पाऊल टाकलं की तिथून काय काय काढून टाकायचं, ते तिला आधी दिसायचं. तिचे यजमान, म्हणजे भाऊजी, विमा कंपनीत आकडेमोड करत. बैठकीला ते नऊ गाड्यांचा आणि चौतीस रकान्यांचा एक तक्ता घेऊन आले होते. तो कुणी वाचला नाही, पण त्याच्यामुळे बैठकीला वजन आलं. शेवटी ठरलं ते असं: तिघांनी मिळून आईला नवी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्यायची. ऑटोमॅटिक, स्वतःहून ब्रेक लावणारी, सगळ्यांत वरचं मॉडेल. तिने त्या गाडीतून भाजी आणावी, डॉक्टरकडे जावं, मैत्रिणींकडे जावं. एकदा अशी गाडी दारात आली की ती जुनी खटारा गाडी मोडीत जाईल, ती गेली की आईची ड्रायव्हिंग स्कूल आपोआप बंद होईल, आणि स्कूल बंद झाली की घराचा पुढचा हॉल मोकळा होईल.

हॉलचं पुढे काय करायचं, हे बैठकीत कुणी काढलं नाही. बैठक संपल्यावर थोरल्याने धाकट्याला जिन्यात गाठून सांगितलं, की तिथे दोन खुर्च्यांचा दवाखाना झकास बसेल. ताईने त्याला खाली पार्किंगमध्ये गाठून सांगितलं, की तिथे ती पडद्यांच्या कापडांचं दालन काढणार आहे. दोघंही जाताना म्हणाले, “तू कुठे बोलू नकोस.” धाकटा कुठे बोलला नाही. त्या महिन्याच्या टार्गेटला त्याला वरच्या मॉडेलची एक गाडी कमी पडत होती. गप्प बसण्याचा त्याचा मोबदला तेवढाच होता.

आई काचेचं दार ढकलून आत आली. शोरूममध्ये रूम फ्रेशनरचा आणि नव्या रबराचा वास कोंडला होता. मधोमध चौथऱ्यावर लाल रंगाची गाडी उभी होती, आणि ती जणू आपल्यासाठीच ठेवली आहे अशा थाटात सगळे तिच्यात शिरले होते. थोरला स्टिअरिंगच्या मागे बसला होता. ताई शेजारच्या सीटवर बसून दाराच्या आतल्या अस्तरावरून बोट फिरवत होती. भाऊजी मागे बसून मोजपट्टीने स्वतःच्या गुडघ्यापासून पुढच्या सीटपर्यंतचं अंतर मोजत होते.

“ये आई, ये,” थोरला आतूनच म्हणाला. “कशी वाटतेय?”

“कुठली आहे ही?”

“कॉम्पॅक्ट एसयूव्ही.”

“कॉम्पॅक्ट म्हणजे?”

“लहान,” धाकटा म्हणाला.

“आणि एसयूव्ही म्हणजे?”

“मोठी.”

“मग ही लहान आहे की मोठी?”

या प्रश्नाचं उत्तर धाकट्याकडून प्रशिक्षणात पाठ करून घेतलं होतं. “बाहेरून लहान आणि आतून मोठी.”

आईने मागच्या काचेतून वाकून पाहिलं. “मला तर उलटं दिसतंय. बाहेरून एवढी फुगलीय, आणि जावईबापूंचे गुडघे हनुवटीला टेकलेत.”

“दोन सेंटीमीटर राहतात, आई,” भाऊजी म्हणाले. ते कधी खोटं बोलत नसत.

थोरल्याने डोक्यावरचं बटण दाबलं. छपराचा पुढचा भाग सरसर मागे सरकला आणि त्याच्या टकलावर शोरूमच्या दिव्याचा उजेड पडला. “हे बघ. छत उघडतं.”

“उन्हाळ्यात काय करायचं त्याचं?”

“उन्हाळ्यात बंद ठेवायचं.”

“आणि पावसात?”

“पावसात तर बंदच ठेवायला लागणार ना, आई.”

“मग आधीपासून बंद असलेलं छत मिळत नाही का?”

“मिळतं,” धाकट्याच्या तोंडून निघून गेलं. “सगळ्यांत खालच्या मॉडेलला.” थोरल्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की पुढचं वाक्य त्याने गिळलं.

मग ताईने आतल्या दिव्यांचे चौसष्ट रंग दाखवले, आणि त्यांतला कुठला संध्याकाळी डोळ्यांना निववतो तेही सांगितलं. थोरल्याने आवाजावर चालणारी सोय दाखवायला घेतली. दवाखान्यात पेशंटला ‘आ करा’ म्हणतो त्या आवाजात तो म्हणाला, “खिडकी उघड.” गाडीने क्षणभर विचार केला आणि उद्याच्या हवामानाचा अंदाज सांगितला. “पुन्हा बघ हं,” म्हणत त्याने शब्द सुटे करून हुकूम सोडला. गाडीने त्याच्या बायकोला फोन लावला. तो कट करता करता त्याला घाम फुटला.

धाकटा हातातल्या टॅबलेटवर बोट ठेवून उभा होता. एरवी हे सगळं तो स्वतः बोलला असता, आणि याहून चांगलं बोलला असता. कोणत्या बटणाला नवरे भुलतात आणि कोणत्या अस्तराला बायका, हे त्याला तोंडपाठ होतं. पण हीच गिऱ्हाइकं वर्षाने सर्व्हिसिंगला येत तेव्हा अर्ध्या सोयी अजून चालूसुद्धा केलेल्या नसत, तेही त्याला माहीत होतं. गाडी वाईट नव्हती. इंजिन गुणी होतं, ब्रेक उत्तम होते, पत्रा दणकट होता. फक्त या तीन गोष्टींवर आजवर एकाही गिऱ्हाइकाने त्याला प्रश्न विचारला नव्हता.

“मागची सीट पाडली तर दोन मोठी खोकी बसतील ना?” थोरल्याने विचारलं. “म्हणजे आईची.”

“आईची कसली खोकी?” ताईने मान वळवली.

“असतात काहीतरी.”

“खोक्यांचं नंतर बघू. मुलींच्या दोन सीट लागतील का मागे, ते सांग आधी. आईला नातींना फिरवायला न्यायचं असेल. आणि रंग मोतिया घ्यायचा. लाल भडक दिसतो.”

“काळा,” थोरला म्हणाला. “काळ्याला रुबाब असतो. क्लिनिकसमोर उभी राहिली की—”

तो थांबला. ताईच्या भुवया वर गेल्या. भाऊजी मागून म्हणाले, की माझ्या तक्त्याप्रमाणे पांढरा रंग सगळ्यांत सुरक्षित, लांबून दिसतो. पण ते बोलत असताना त्यांच्याकडे कुणी बघत नाही, हे एव्हाना त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

आई इतका वेळ पर्स पोटाशी धरून चौथऱ्याखाली उभी होती. ती म्हणाली, “यात मी कुठे बसायचं?”

सगळे एकमेकांकडे बघत गाडीतून उतरले.

*

टेस्ट ड्राइव्हची गाडी मागच्या बाजूला होती, तीही वरचंच मॉडेल. तिच्यासाठी शोरूमने एक रस्ता नेमून दिला होता: चार उजवी वळणं, नवं डांबर, ना चढ ना खड्डा. त्या रस्त्यावर कुठलीही गाडी विमानासारखी चालते, म्हणून तर तो नेमला होता. आई स्टिअरिंगवर बसली, थोरला शेजारी, ताई आणि भाऊजी मागे खिडक्यांशी, आणि त्यांच्या मधल्या उंचवट्यावर धाकटा. माहितीपत्रकात या जागेला ‘पाचव्या व्यक्तीसाठी आरामदायी आसन’ म्हटलं होतं. पाचवी व्यक्ती होऊन तिथे बसायची त्याची ही पहिलीच वेळ. आईने सीट पुढे घेतली, आरसे लावले, डाव्या पायाने क्लच शोधला, आणि क्लच नाही हे आठवल्यावर तो पाय मुकाट बाजूला ठेवला.

फाटकाबाहेर पडल्यावर पहिलं उजवं वळण तिने सोडून दिलं आणि गाडी डावीकडे घातली.

“आई, रस्ता तिकडून आहे,” धाकटा म्हणाला.

“तो तुझ्या साहेबांचा. मी माझ्या रस्त्याने नेते.”

तिचा रस्ता म्हणजे गोदामांच्या मागचा. अडतीस वर्षं ती तिथेच शिकवत आली होती. एका अंगाला उभे टेम्पो, पुढे अरुंद बोळ, मग तो चढ, जिथे अर्ध्या गावाने हाफ क्लच धरायला शिकताना तिच्या शिव्या खाल्ल्या होत्या. ही शाळा तिने काढली तेव्हा सासूबाईंनी दोन वर्षं तिच्याशी अबोला धरला होता, आणि तिसऱ्या वर्षी बाजारात सोड म्हणून निरोप पाठवला होता. वडिलांना गाडी कधी आलीच नाही. जन्मभर ते तिच्या शेजारच्या सीटवर बसून फिरले आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही. तिन्ही मुलांना याच बोळात तिने शिकवलं होतं आणि तिघांनाही पहिल्या परीक्षेत स्वतःच नापास केलं होतं.

बोळात शिरताच गाडी बोलायला लागली. डावीकडे टेम्पो जवळ आला, टुंग. उजवीकडे भिंत, टुंग. पांढऱ्या पट्ट्यावर चाक गेलं तसं स्टिअरिंगने तिच्या हातात हळूच हिसका दिला.

“हे कोण वळवतंय?”

“गाडी वळवतेय, आई. तू रेषेबाहेर जाऊ नयेस म्हणून.”

“रेषेत टेम्पो उभा आहे.”

“ते तिला कळत नाही,” धाकट्याने कबूल केलं.

थोड्या वेळाने समोरच्या पडद्यावर एका कपाचं चित्र उमटलं. चालकाने विश्रांती घ्यावी, असा त्याचा अर्थ होता. ते बघून आई जे हसली, ते आजच्या दिवसातलं तिचं पहिलं हसू. त्या हसण्याने थोरल्याला धीर आला. तो तिच्याकडे झुकून म्हणाला, “बघ ना किती काळजी घेते. आता आरामात राहायचं तू. सकाळी उठून त्या शिकाऊ पोरींना घेऊन उन्हात फिरायचं काही कारण उरलं नाही. हॉलमध्ये माझं काम सुरू झालं, की मी रोज घरी येणारच, तुझी सोबतही होईल.”

“कसलं काम?” मागून ताई.

“दवाखान्याचं. सांगितलं होतं ना.”

“कुणाला सांगितलं होतंस? हॉल मी घेतेय. मी सुताराला माप देऊन बसलेय, दादा.”

“कुणाला विचारून माप दिलंस?”

“तू कुणाला विचारून दवाखाना ठरवलास? छोट्याला विचार, मी त्याला गुरुवारीच सांगितलंय.”

“मीही छोट्याला गुरुवारीच सांगितलंय.”

मधल्या उंचवट्यावर बसलेल्या छोट्याला कुठेही सरकायला जागा नव्हती. भाऊजींनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. ताईचं म्हणणं पडलं, की आईचं औषधपाणी वर्षानुवर्षं आपणच बघतो. थोरल्याचं म्हणणं पडलं, की वडिलांच्या आजारपणात आपण किती रात्री जागलो ते कुणी मोजलं नाही. आवाज चढत गेले. ते पुढच्या सीटवर बसलेल्या बाईच्या घराबद्दल बोलत होते, आणि ती बाई गाडी चालवत होती, याचा दोघांना पार विसर पडला होता. आईचे हात स्टिअरिंगवर होते. डोळे समोर होते.

शेवटच्या टेम्पोच्या आडून एक बाई सायकल ढकलत रस्त्यावर आली. सायकलच्या मागे पोतं बांधलेलं होतं, त्यामुळे तिची मान खाली होती. धाकट्याने मधल्या जागेवरून तिला पाहिलं, आईचा पायही पाहिला. पाय हलला नाही. ओरडायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात समोरच्या पडद्यावर लाल दिवा पेटला, गाडीने स्वतःच करकचून ब्रेक दाबला आणि पाचही जण पट्ट्यांवर आदळले. सायकलवालीने वळून पाहिलं, पोतं सावरलं आणि काही न बोलता पुढे निघून गेली. तिच्या आणि बंपरच्या मध्ये हातभर अंतर राहिलं असेल नसेल.

मग भाऊजी हलक्या आवाजात म्हणाले, “फीचर चाललं.”

थोरल्याने घसा खाकरला. “म्हणूनच आम्ही म्हणत होतो, आई. तुला वाईट वाटेल, पण...”

आईने गाडी कडेला घेतली, बंद केली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“छोट्या,” ती मागे न वळता म्हणाली, “तुला मधून सगळं दिसत होतं. तिला आधी मी पाहिलं, का गाडीने?”

विक्रीच्या कामात धाकट्याला सहा वर्षं झाली होती. कुठल्याही प्रश्नाला कुणाचंही मन न दुखवणारी सात उत्तरं त्याच्याकडे तयार असत. आत्ता त्यांतलं एकही जवळ येईना.

“गाडीने,” तो म्हणाला. “तुझा पाय हलला नव्हता.”

तिने मान डोलावली. “आणि हे हॉलचं? तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“गुरुवारपासून?”

“गुरुवारपासून.”

“बरं,” आई म्हणाली. ती दार उघडून खाली उतरली, फिरून मागच्या दारापाशी आली आणि भाऊजींना म्हणाली, “जावईबापू, तुम्ही चालवा. तुम्ही भांडत नाही.”

*

शोरूममध्ये परतल्यावर मॅनेजरने सगळ्यांना गोल टेबलाशी बसवलं. यंत्रातून चहा आला, तो कॉफीसारखा लागत होता. मॅनेजरला वाटलं, घरच्या सगळ्यांना गाडी पटली आहे. तो वरच्या मॉडेलचा फॉर्म घेऊन आला आणि हात चोळत म्हणाला, “मग, रंग कोणता ठरला?”

“बसा जरा,” आई म्हणाली. हा तिचा निकाल सांगायचा आवाज होता. तिच्या हाताखालून गेलेल्या कुणालाही तो ओळखता आला असता. थोरल्याने आणि ताईने नकळत पाठी सरळ केल्या.

“आधी माझं सांगते. मी आज नापास झाले.”

“असं काय म्हणतेस, आई,” ताई म्हणाली. “आम्ही दोघं भांडत होतो म्हणून तुझं लक्ष गेलं.”

“शिकाऊ मुलगी मला म्हणाली असती, की घरचे भांडत होते म्हणून समोरची बाई दिसली नाही, तर मी तिला पास केलं असतं?”

तिने केलं नसतं, याचा तिघांनाही अनुभव होता.

“तर आजपासून मी गाडी चालवणार नाही. खांबाचं मी मनाला समजावत होते, याचं समजावता येणार नाही. तुमचं बरोबर होतं, माझं चुकत होतं. झालं?”

थोरल्याला जे हवं होतं ते सगळं, कसलीही घासाघीस न करता, त्याच्या पुढ्यात ठेवलं गेलं होतं, आणि त्याला कुठे बघावं कळेना. तो चहाच्या कपात बघत राहिला.

“आता गाडीचं. गाडी चांगली आहे. एका बाईचा जीव वाचवलाय तिने, तिला मी नावं ठेवणार नाही. पण जी गाडी दारात नुसती उभी राहणार, तिला चौसष्ट रंगांचे दिवे कशाला? आणि शिकवायला ही उपयोगाची नाही. हिच्यावर शिकलेली मुलगी टुंग झाल्याशिवाय भिंत बघणार नाही.” तिने धाकट्याकडे मान वळवली. “ते बंद छताचं म्हणालास, त्याला क्लच आहे ना?”

“आहे. पण आई, त्याला काहीच नाही. साधा रेडिओसुद्धा नाही.”

“ब्रेक कसे आहेत?”

“ब्रेक तेच. इंजिनही तेच. पत्राही तोच.”

“मग तेच लिही. पांढरा रंग. शेजारच्या सीटपुढे शिकवणाऱ्याचे ब्रेक आणि क्लच बसवून हवेत. शाळेच्या नावावर. तुमच्या तिघांचे पैसे तुमच्याकडे राहू देत, शाळा तिची ती घेईल.”

“पण शाळा आता कोण चालवणार?” थोरल्याने विचारलं. विचारल्यावर त्यालाच ते बरं वाटलं नाही.

“माझ्याकडे गेली तीन वर्षं जी मुलगी शिकवतेय ती. तिची नजर चांगली आहे आणि तोंड माझ्याहून गोड आहे. मी टेबलाशी बसून खुणा आणि नियम शिकवीन, त्याला पाय लागत नाहीत. हॉल आहे तसा राहील. दवाखान्याला जागा तुला दुसरीकडे मिळेल, आणि हिच्या पडद्यांनाही. जेवायला हवं तेव्हा या, दोघंही, एकत्र आलात तर आणखी बरं.”

ताईचे डोळे भरले होते. ते रागाने की कशाने, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ती थोरल्याला म्हणाली, “तू गाडीत तोंड उघडलं नसतंस तर.” थोरला म्हणाला, “तू सुताराला माप दिलं नसतंस तर.” पण दोघांच्याही आवाजात आता दम नव्हता. बोलून झाल्यावर थोरल्याने न मागता आपला रुमाल तिच्यापुढे सरकवला.

“एक सांगू का?” भाऊजींनी खिशातून तक्ता काढून उलगडला. “किंमत आणि उपयोग यांचं गुणोत्तर काढलं, तर नऊ गाड्यांत हेच खालचं मॉडेल पहिलं येत होतं. पण तो रकाना हिने मला झाकून ठेवायला सांगितला होता.”

आईने तक्ता हातात घेऊन नीट पाहिला. आजवर तो पूर्ण वाचणारी ती पहिलीच. “चांगलं काम आहे,” ती म्हणाली, आणि भाऊजींचा चेहरा असा खुलला, की ताईने रुमालाआडून त्यांच्याकडे रागाने बघायचं होतं तेही राहून गेलं.

मॅनेजरची मात्र पंचाईत झाली होती. खालच्या मॉडेलचा त्याच्याकडे फॉर्म नव्हता. ते कुणी मागत नसे. भिंतीवर त्याचा फोटोही नव्हता. मागवायला दहा आठवडे लागणार होते, आणि टार्गेटमध्ये ते धरलं जात नव्हतं. ही शेवटची गोष्ट तो धाकट्याच्या कानाशी येऊन म्हणाला. धाकट्याने वरच्या मॉडेलच्या फॉर्मवरचं नाव खोडून हाताने खालचं लिहिलं.

थोरला, ताई आणि भाऊजी निघून गेले. आई सही करून उठली, तेवढ्यात मॅनेजर टॅबलेट घेऊन आडवा आला. शोरूमच्या नियमाप्रमाणे विक्रेत्याला गुण द्यायचे राहिले होते, शून्य ते दहा.

“दहाच द्या हं, बाई,” तो गोड हसून म्हणाला. “दहाच्या खाली काहीही दिलं, तरी वरचे लोक ते नापास धरतात.”

“मग शून्य ते नऊ कशाला छापलेत?”

मॅनेजरला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. आईने चष्मा चढवला, आकड्यांवरून बोट फिरवलं, आणि सहावर टेकवलं. पडद्यावर आभार आले, खाली हसरा चेहरा आला, आणि मॅनेजरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो टॅबलेट घेऊन आत निघून गेला.

“आई, सहा?” धाकटा म्हणाला.

“विचारल्यावर खरं सांगितलंस, त्याचे सहा. विचारेपर्यंत थांबलास, त्याचे चार गेले.”

त्याने मान खाली घातली. आतून त्याला कसं हलकं वाटत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. जेवणाची सुट्टी व्हायला अजून अर्धा तास होता. तो तसाच मॅनेजरच्या केबिनीत डोकावून ‘आईला सोडून येतो’ म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता बाहेर पडला.

पार्किंगमध्ये दोन धिप्पाड गाड्यांच्या मध्ये आईची गाडी तिने बसवली तशीच उभी होती. आई सवयीने स्टिअरिंगच्या बाजूला गेली. दाराला हात लावला, आणि हात लावून उभी राहिली. धाकटा लांबच थांबला. थोड्या वेळाने तिने पर्समधून किल्ली काढून त्याच्यापुढे धरली आणि वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

तो आत बसला. त्याने सीट मागे घेतली, पट्टा लावला, किल्ली फिरवली. तिने त्याचा पट्टा ओढून पाहिला.

“निघू?” त्याने विचारलं.

“आधी आरसा,” आई म्हणाली.